दत्तक, जातिवंत आणि इमानी

वाङ्मयसमीक्षकानें कोणत्या लेखनाची दखल घ्यावी आणि कोणत्या लेखनाकडे काणाडोळा करावा, याविषयीं आपल्याकडे एक अलिखित सोवळें आहे. काव्य, नाटक, कादंबरी, लघुकथा, फार तर लघुनिबंध, एवढ्यांनाच माजघरांत प्रवेश. बाकीच्यांनीं ओसरीवर बसावें. आज ज्या लेखनाचा विचार करावयाचा आहे तें ओसरीवरचेंही नव्हे. तें अक्षरशः उंबऱ्याबाहेरचें आहे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, पशुवैद्यांच्या दवाखान्यांतील भिंतींवर, वाण्याच्या दुकानाच्या दारावर, गृहसंस्थांच्या सूचनाफलकांच्या कोपऱ्यांत, आणि आतां बहुधा हातांतल्या दूरध्वनीच्या काचेवर, दहाबारा ओळींचें एक निवेदन वारंवार वाचावयास मिळतें. एका कुत्र्याला घर हवें आहे, एवढाच त्याचा आशय. कधीं तें कुत्रें रस्त्यावरचें असतें. परंतु पुष्कळदां तें लॅब्रॅडॉर, पग, जर्मन शेफर्ड, हस्की अशा एखाद्या नामांकित कुळांतलें असून मालकानें टाकलेलें असतें. अमुक एका जातीच्याच टाकलेल्या कुत्र्यांना नवीं घरें पाहून देणाऱ्या धर्मादाय मंडळ्या इंग्लंडांत पुष्कळ आहेत. आपल्या उपनगरांतूनही त्या धर्तीवर खटपट करणारीं माणसें दिसूं लागलीं आहेत.

या निवेदनांना वाङ्मय म्हणावें काय, असें कोणी विचारील. माझें उत्तर असें कीं, ज्या गद्याचें यशापयश इतक्या रोकठोकपणें मोजतां येतें असें दुसरें गद्य आज मराठींत क्वचितच लिहिलें जात असेल. कथा फसली तर वाचक पान उलटतो. हें निवेदन फसलें तर एक मुका जीव पिंजऱ्यांत राहतो. आणि तें भलत्या रीतीनें साधलें, म्हणजे भलत्या माणसाच्या मनांत भलती आशा उत्पन्न करून गेलें, तर तोच जीव दोन महिन्यांनीं दुसऱ्यांदा टाकला जातो. लहानशा बिऱ्हाडांत दहाबारा वर्षें एक प्राणी सांभाळावयास अनोळखी माणसाला प्रवृत्त करावयाचें, आणि तेंही दहाबारा ओळींत, ही कामगिरी कोणत्याही लेखकाची परीक्षा पाहणारी आहे. तेव्हां या लेखनाची भाषा कोठून आली आणि ती खरें बोलते कीं नाहीं, हें पाहणें समीक्षेच्या कक्षेबाहेरचें नाहीं. या निवेदनांत तीन शब्द पुनःपुन्हां येतात : दत्तक, जातिवंत आणि इमानी. त्यांची क्रमानें झडती घेऊं.

पहिला शब्द दत्तक. या अर्थानें तो इंग्रजीच्या बोटाला धरून आला, हें उघड आहे. इंग्रज मनुष्य मूल 'अडॉप्ट' करतो, मत, ठराव आणि चालरीतही 'अडॉप्ट' करतो. मग कुत्र्यालाच त्या क्रियापदानें कां वगळावें? आपल्यासाठीं निवडून घेणें एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. मराठी दत्तकाचें कुळशील निराळें आहे. धर्मशास्त्रांतला दत्तक पिंडोदकासाठीं आणि वंशासाठीं. तो सजातीय असावा, जन्मदात्यांनीं तो राजीखुषीनें द्यावा, यथाविधि दत्तहोम व्हावा, असा त्याचा थाट. १९५६ च्या कायद्यानें मुलगीही दत्तक घेतां येऊं लागली आणि जातीची अट गळाली. पण शब्दाच्या पोटांतला वारसा कांहीं गेला नाहीं. मराठी माणसाच्या कानांत तर हा शब्द गादीच्या नादासह घुमतो. साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं आणि झांशीचें १८५४ सालीं खालसा झालें, तें दत्तक नामंजूर करूनच. सारांश, दत्तक घेण्यांत घेणाऱ्याची गरज आधीं आणि दत्तकाची मागून. कुत्रें नांव चालवीत नाहीं, दौलत राखीत नाहीं, पिंड देत नाहीं. उलट आपल्या वैश्वदेवांत श्याम आणि शबल या यमाच्या कुत्र्यांच्या नांवानें आपणच बळी घालावा, असा विधि आहे. आणि व्यवहारांतही बहुधा आपणच आपल्या कुत्र्याला पोंचवितों, तें आपल्याला नव्हे.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. दत्तकांत देणारा लागतो, आणि तो समोर येऊन हातावर पाणी सोडतो. टाकलेल्या कुत्र्याच्या बाबतींत देणारा बहुधा पडद्याआड असतो. निवेदनांत कारणें मात्र दिलेलीं असतात : मालक परदेशीं गेले, घरांत बाळ जन्मलें, वृद्ध धनी निवर्तले, जागा लहान पडते, गृहसंस्थेचा विरोध आहे. यांतलीं कांहीं कारणें खरीं आणि दुःखाचीं असतात; तीं सांगणाऱ्याला बोल लावण्याचें कारण नाहीं. परंतु कांहीं नुसतीं सबबींच्या जातीचीं असतात. घरांत पाळीव प्राणी ठेवण्यास सरसकट बंदी करतां येत नाहीं, असें भारतीय प्राणिकल्याण मंडळानें २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत गृहसंस्थांना बजावलें आहे; तरीही गृहसंस्थेचा विरोध हें कारण निवेदनांतून हटत नाहीं. आणि ज्यांना कारण सांगण्याचीही तसदी नको असते, ते मोटारीचें दार उघडून कुत्र्याला एखाद्या आडरस्त्यावर उतरवून मोकळे होतात. बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान आणि आरे वसाहत यांच्या कडेला बिबट्याच्या भक्ष्यांत कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, हें अभ्यासकांनीं दाखवून दिलेलें आहे. गादीवर झोपण्याची संवय लागलेल्या कुत्र्याची तेथें काय गति होत असेल, याची कल्पना वाचकांनीं करावी.

एवढें असूनही दत्तक शब्दाला एक अनपेक्षित साक्षीदार आपल्याच घरांत भिंतीवर टांगलेला आहे. अत्रिऋषींना जो दिला गेला तो दत्त. आणि त्याच्या पायांशीं चार कुत्रीं उभीं. ते चार वेद आहेत, असें सांगून आपण त्यांना प्रतिष्ठा देतों आणि कुत्रेपणापासून सोडवितों. चित्रकारानें मात्र तीं वेदांसारखीं काढलेलीं नसतात. अंगावरच्या ठिपक्यांसकट, मान वर करून पाहणारीं अशीं तीं गांवांतलींच साधीं कुत्रीं असतात. उपनगरांतील ज्या घरांत दर गुरुवारीं या चित्राला हार पडतो, त्याच घरांतून जिन्यांत बसलेल्या कुत्र्याविरुद्ध तक्रारअर्जही जातो, यांतली विसंगति पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांच्या दृष्टीला दिसली असती तर त्यांनीं तिचें सोनें केलें असतें. त्यांच्या 'पाळीव प्राणी' या लेखांत विनोदाचा रोख कुत्र्यापेक्षां कुत्रें मिरविणाऱ्यावर अधिक आहे. आणि तेथूनच आपण दुसऱ्या शब्दाकडे वळतों.

दुसरा शब्द जातिवंत. मराठींत माणसाला जात आणि कुत्र्यालाही जातच. या एका शब्दानें जेवढें उघडें पडतें तेवढें एखाद्या ग्रंथानेंही पडणार नाहीं. जातिवंत, कुळवंत, अस्सल, शुद्ध रक्ताचा, हे सारे शब्द लग्नाच्या यादींतून उचलून श्वानविक्रीच्या जाहिरातींत आले आहेत. आणि त्यांच्या विरुद्ध पारड्यांत एकच शब्द उभा आहे : गावठी. कोंबडी गावठी, दारू गावठी, उच्चार गावठी, तसें कुत्रेंही गावठी. इंग्रजांनींही येथें येऊन निराळें कांहीं केलें नाहीं. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला त्यांनीं 'पॅरिया' म्हटलें. आणि हा शब्द तामिळ प्रदेशांतील अस्पृश्य गणलेल्या एका जातीचें नांव आहे. माणसांच्या उतरंडींतला शेवटला शब्द घेऊन तो कुत्र्याच्या गळ्यांत बांधला. आज कुत्र्याच्या कौतुकासाठीं तोच शब्द वापरणाऱ्या सुशिक्षितांना त्याचा उगम ठाऊक नसतो, एवढाच फरक.

श्वानांच्या या वर्णव्यवस्थेची सर्वांत सुंदर टवाळी व्हर्जिनिया वुल्फ हिनें 'फ्लश' या १९३३ सालच्या पुस्तकांत केली आहे. एलिझाबेथ बॅरेट या कवयित्रीच्या स्पॅनिअल कुत्र्याचें हें चरित्र. आरंभींच लेखिका सांगते कीं, स्पॅनिअलचे डोळे कसे असावेत, कान कसे असावेत, कोणता दोष आणि कोणता गुण, हें ठरविणारें एक मंडळ इंग्लंडांत आहे. माणसांच्या कुलीनतेचा असा निर्णय करणारें मंडळ मात्र सांपडत नाहीं. पुढें हा कुलीन कुत्रा लंडनच्या चोरांच्या हातीं सांपडतो, खंडणी भरून सुटतो, धनिणीबरोबर इटलींत जातो, आणि तेथें त्याला दिसतें कीं या शहरांत कुत्र्यांना कुळच नाहीं. सारीं सरमिसळ, सारीं एका पंगतीचीं. पिसवांच्या त्रासानें त्याचे केस कापून टाकावे लागतात आणि केसांबरोबर त्याची कुलीनताही गळून पडते. तो उघडा होतो आणि मोकळा होतो. चरित्रलेखनाची थट्टा म्हणून हें पुस्तक ओळखलें जातें. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्यांत आणखी एक गोष्ट आहे. फ्लश हा स्वतः एका घरून दुसऱ्या घरीं दिलेला कुत्रा होता. मेरी मिटफर्ड या लेखिकेनें तो आजारी मैत्रिणीला दिला. देणारी जवळ असलेली वस्तू प्रेमानें देते आहे आणि घेणारीला तिची गरज आहे. 'दत्त' हा शब्द येथें पुरा शोभतो.

याच्याही आधीं, १८६२ सालीं, डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकांत दोन श्वानप्रदर्शनांवर एक निबंध निनावी आला होता; तो जॉन हॉलिंग्सहेड याचा असावा असें मानतात. एक प्रदर्शन इझ्लिंग्टनचें : न्हाऊमाखूं घातलेलीं, बक्षिसें मिळविणारीं, भारी किमतीचीं कुत्रीं. दुसरें जवळच होलोवे येथलें : मेरी टीलबी या बाईनें १८६० सालीं हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठीं काढलेलें घर, ज्याची त्या वेळच्या वृत्तपत्रांनीं टवाळी केली होती. निबंधकारानें दोन्ही ठिकाणें एकापुढें एक मांडलीं आणि निर्णय बराचसा वाचकावर सोडला. पुढें ती संस्था १८७१ सालीं बॅटरसी येथें गेली आणि जगप्रसिद्ध झाली. एका निबंधानें संस्था तरली, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण हंसण्यावारी नेलेल्या एका कार्याला गद्यानें आधार दिला, एवढें निश्चित. उपनगरांतील आजच्या निवेदनांची ही खरी पूर्वपीठिका आहे.

मुंबईला मात्र या बाबतींत विलायतेकडे पाहण्याचें कारण नव्हतें. १८३२ च्या जूनमध्यें कोटांत बेवारशी कुत्र्यांची कत्तल चालली होती आणि मारणाऱ्यांना दर कुत्र्यामागें आठ आणे मिळत. पारशी समाजांत कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. मृताजवळ कुत्रें आणण्याचा 'सगदीद' हा विधि प्रसिद्ध आहे. त्यांनीं दंगा केला, दुकानें बंद पडलीं, शहराचा व्यवहार थांबला. दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. १८७४ सालीं प्राण्यांना निर्दयतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारी मंडळी निघाली, आणि १८८३ सालीं परळच्या बाई साकरबाई रुग्णालयाची स्थापना झाली. तरीही महापालिका कुत्रीं मारीत राहिली, ती १९९४ पर्यंत. त्यानंतर निर्बीजीकरण आणि लसीकरण यांचें धोरण आलें. कानाचा तुकडा कापलेलें कुत्रें दिसलें तर तें या प्रक्रियेंतून गेलें आहे, असें समजावें. ज्या कुत्र्यांसाठीं शहर बंद पडलें त्या कुत्र्यांना कुळ नव्हतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मग एका जातीच्याच कुत्र्यांना घरें शोधून देणाऱ्या मंडळ्यांविषयीं काय म्हणावें? करुणेला जातीची अट कशी, हा आक्षेप सहज सुचणारा आहे. तो अर्धा खरा आहे. जातीच्या नांवानें जी हांक दिली जाते तिला ओ देणारे पुष्कळदां कुत्र्यासाठीं येत नाहींत. फुकट मिळणाऱ्या प्रतिष्ठेसाठीं येतात. २००३ सालीं एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातींत लहान मुलामागें धांवणारा पग दिसला, आणि पाहतां पाहतां घराघरांत पग आले. चपट्या नाकामुळें त्या जातीला श्वास घेण्यास त्रास होतो, हें जाहिरातींत नव्हतें. हस्की हा सैबेरियाच्या बर्फांत गाडी ओढणारा कुत्रा. त्याला मुंबईच्या दमट उकाड्यांत दोन खोल्यांत कोंडणें म्हणजे कोंकणांतल्या माणसाला वर्षभर लडाखांत धोतरावर बसविण्यासारखें आहे. शिवाय या कुळवंत पिल्लांच्या मागें एक आई असते. वेत झेपेनासे झाले म्हणजे तिलाही टाकून देणारे धंदेवाईक असतात. श्वानपैदास आणि विक्री यांवर केंद्र सरकारला २०१७ सालीं नियम करावे लागले, ते उगाच नव्हे.

परंतु आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग टिकत नाहीं. ज्या जातीचे दोष माणसानेंच हौसेखातर घडविले, त्या जातीचा जाणकार तिच्या टाकलेल्या प्राण्यांसाठीं उभा राहत असेल, तर तें एका अर्थीं ऋण फेडणेंच आहे. पगच्या श्वासाची काळजी, लॅब्रॅडॉरच्या खुब्याचें दुखणें, जर्मन शेफर्डचा संशयी स्वभाव, हें ज्याला ठाऊक आहे तोच घेणाऱ्याला दोन खडे प्रश्न विचारूं शकतो, आणि प्रसंगीं नाहींही म्हणूं शकतो. नकार देण्याची तयारी हें चांगल्या मंडळीचें लक्षण आहे. तेव्हां जात हा शब्द निवेदनांत येऊं द्यावा. पण तो गुणवर्णन म्हणून न येतां पथ्य म्हणून यावा. जातिवंत याचा अर्थ जेव्हां 'याला काय काय सोसत नाहीं' असा होईल, तेव्हां त्या शब्दाचें प्रायश्चित्त झालें असें म्हणतां येईल.

तिसरा शब्द इमानी. हा तिहींत जुना, आणि माझ्या मतें सर्वांत घातक. इमानी कुत्र्याच्या कथा मराठी मनांत खोल रुजलेल्या आहेत. छत्रपति शाहूंच्या खंड्या नांवाच्या कुत्र्यानें त्यांना वाघापासून वांचविलें असें सांगतात. त्याची समाधि साताऱ्याजवळ माहुलीला दाखवितात. रायगडावरच्या वाघ्यानें धन्याच्या चितेंत उडी घेतली, ही कथा तर सर्वश्रुत. तिच्या प्रसाराला गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' या अपूर्ण नाटकाचा मोठाच हातभार लागला, आणि १९३६ सालीं गडावर वाघ्याचें स्मारक झालें. त्याला इतिहासाचा आधार नाहीं, म्हणून तें हलवावें, अशी मागणी २०२५ सालीं पुन्हां जोरानें झाली. तो वाद इतिहासकारांचा आहे. वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहिलें तर इतकेंच दिसतें कीं, आपल्या कल्पनेंतला इमानी कुत्रा एकाच धन्याचा असतो, आणि धनी गेल्यावर त्यानें जगूं नये अशी आपली अपेक्षा असते. कुत्र्याच्या सतीची ही कथा आहे.

आतां पाहा. टाकलेलें कुत्रें म्हणजे व्याख्येनेंच दुसऱ्या धन्याकडे आलेलें कुत्रें. त्याचें इमान जर खरें असेल, तर तें पहिल्या धन्याशीं आहे. मग निवेदनांत इमानी म्हणून ज्या गुणाची हमी दिली जाते तो नव्या घरच्या पहिल्या महिन्यांत दिसणार कसा? दिसतें तें निराळेंच : दाराशीं बसून राहणें, अन्नाला तोंड न लावणें, रात्रीं विव्हळणें, जिन्यांतल्या प्रत्येक पावलाला कान टवकारणें. हेंच त्याचें इमान. फक्त तें आपल्यासाठीं नसतें. श्वानपाळांमध्यें तिनाचा एक ठोकताळा आहे : भय ओसरावयास तीन दिवस, घराची रीत कळावयास तीन आठवडे, घर आपलें वाटावयास तीन महिने. ज्याला इमानाचें आश्वासन देऊन बोलाविलें त्याला हे तीन महिने फसवणुकीसारखे वाटतात, आणि मग कुत्रें परत येतें.

दुसऱ्या धन्याची कथा कोणीं लिहिलीच नाहीं असें नाहीं. मुंबईंत जन्मलेल्या किप्लिंगनें 'गार्म : एक ओलीस' ही कथा लिहिली, १९०९ सालच्या त्याच्या एका संग्रहांत ती आहे. साम्राज्याच्या अभिमानानें भरलेलें त्याचें पुष्कळसें लेखन आज आपल्याला रुचणार नाहीं, परंतु या कथेपुरता तो केवळ कुत्र्याचा जाणता आहे. एक गोरा शिपाई आपल्या हातून घडलेल्या चुकीची भरपाई म्हणून आपला लाडका कुत्रा निवेदकाला देऊन टाकतो. कुत्रा आज्ञाधारक आहे, नव्या घरांत सर्व कांहीं आहे, आणि तरीही तो झुरत जातो. तिकडे शिपाईही झुरतो. निवेदक त्याच्यावर प्रेम करतो, पण त्या प्रेमाचा मोबदला मागत नाहीं. शेवटीं तो कुत्र्याला घेऊन डोंगरांत जातो आणि धन्याच्या हवालीं करतो. दिलेलें मन देणाऱ्याच्या सहीनें दुसऱ्याच्या नांवावर चढत नाहीं, हें या कथेचें तात्पर्य. ज्याला टाकलेलें कुत्रें घरीं आणावयाचें आहे त्यानें ती आधीं वाचावी. त्याच्या वांट्याला आलेल्या कुत्र्याला मात्र परत नेऊन द्यावें असा शिपाई कोठेंच नसतो, म्हणून त्याची कसोटी निवेदकाहूनही कठीण आहे.

याहून मोठी साक्ष महाभारताची आहे. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागें एक कुत्रें लागतें. तें त्यांनीं पाळलेलें होतें, त्यानें कोणाचे प्राण वांचविले होते, असें व्यासांनीं कोठेंही म्हटलेलें नाहीं. तें केवळ मागें आलें. भाऊ पडले, द्रौपदी पडली, तें चालत राहिलें. स्वर्गाच्या दाराशीं इंद्र म्हणतो, कुत्र्याला सोड. आणि धर्मराज नकार देतो. त्या नकारांत उपकाराची फेड नाहीं. आश्रयाला आलेल्याचा त्याग करावयाचा नाहीं, एवढाच एक नियम आहे. कुत्रें म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, हा खुलासा मागाहून येतो. नकार आधींच देऊन झालेला असतो. आणि वाचकांना स्मरत असेल कीं याच ग्रंथाच्या आदिपर्वांत, जनमेजयाच्या सत्राच्या वेळीं, सरमेच्या पिल्लाला कांहींही अपराध नसतां मार बसतो, आणि तिचा शाप राजाला अस्वस्थ करतो. निरपराध कुत्र्याला मारण्यापासून निघून आश्रित कुत्र्याला न सोडण्यापर्यंत येणारें हें काव्य आहे. इमानाची जबाबदारी त्यानें कुत्र्यावर टाकलेली नाहीं, माणसावर टाकली आहे. आपल्या निवेदनांनीं नेमकें उलट केलें आहे.

निवेदनांच्या शैलीविषयीं एक शब्द. त्यांतलीं बरींच प्रथमपुरुषीं असतात. कुत्रेंच बोलतें, आपलें नांव सांगतें, घर द्याल का म्हणून विनवितें. हा प्रकार वाचला कीं शाळेंतल्या फाटक्या छत्रीचें आत्मवृत्त आठवतें. हेतु चांगला, पण छत्रीप्रमाणेंच कुत्र्याच्या तोंडींही लेखकाचेंच भाषण येतें, आणि त्या गहिवरांत माहिती बुडून जाते. चांगलें निवेदन कसें असावें? समजा, त्यांत एवढेंच आहे : वय सात; निर्बीजीकरण आणि लशी झालेल्या; फटाक्यांना भितो; आवाज चढला कीं पलंगाखालीं जातो; दुसऱ्या कुत्र्यांशीं पटत नाहीं; एका कानानें कमी ऐकतो; सकाळीं लवकर फिरावयास न्यावें लागतें. या ओळींत अलंकार नाहीं आणि आर्जवही नाहीं. पण हें वाचून जो येईल तो या कुत्र्यासाठींच येईल. दोष सांगण्याचें धैर्य हें गद्याचें मोठें बळ आहे. तें या लहानशा लेखनांतही चालतें.

हा प्रश्न केवळ शब्दांचा राहिलेला नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या रस्त्यांवरील कुत्र्यांना आश्रयस्थानांत कोंडण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर कुत्रीं मूळ जागीं सोडावींत, पिसाळलेलीं अथवा हिंस्र सोडूं नयेत, असें ठरविलें. आणि त्याच आदेशांत ज्यांना इच्छा असेल त्यांनीं पालिकेकडे अर्ज करून कुत्रीं दत्तक घ्यावींत, मात्र तीं पुन्हां रस्त्यावर येतां कामा नयेत, असेंही म्हटलें. आमचा हा ओसरीबाहेरचा शब्द असा न्यायासनापर्यंत पोंचला. ज्यांच्या मुलाला कुत्रें चावलें आहे त्यांचा राग खोटा नाहीं. पिसाळरोगाचीं लक्षणें एकदां दिसलीं म्हणजे मनुष्य वांचणें जवळजवळ अशक्य असतें. म्हणूनच भूतदया ही हौस म्हणून परवडणारी नाहीं. रस्त्यावर पाव टाकून पुढें जाणें सोपें; एका कुत्र्याला दारांत घेऊन त्याच्या लशी, त्याचा पट्टा, त्याची घाण आणि त्याचें म्हातारपण पत्करणें कठीण. न्यायालयानें अट घातली आहे ती या कठीण भागाची.

आणि त्या कठीण भागासाठीं मराठींत एक शब्द पूर्वींपासून आहे. तो इतका साधा आहे कीं निवेदन लिहिणाऱ्यांना सुचत नाहीं. पाळणें. आपण गाय पाळतों, कुत्रें पाळतों. आणि त्याच क्रियापदानें वचन पाळतों, व्रत पाळतों, पथ्य पाळतों, दिलेली वेळ पाळतों. लेंकराला निजवावयाचा पाळणा त्याच कुळांतला. दत्तक घेणें ही एका दिवसाची घटना आहे. होम झाला, कागदावर सही झाली, छायाचित्र निघालें, संपलें. पाळणें एका दिवसांत होत नाहीं. वचन आज पाळलें आणि उद्यां मोडलें तर तें पाळलें असें कोणी म्हणत नाहीं, कुत्र्याचेंही तसेंच. या शब्दांत घेणाऱ्याच्या वंशाचा संबंध नाहीं, कुत्र्याच्या जातीचा नाहीं, आणि त्यानें इमान राखावें अशी अटही नाहीं. इमान राखावयाचें तें पाळणाऱ्यानें.

दत्तक हा शब्द आतां रूढ झाला आहे आणि तो हटविण्याचा खटाटोप व्यर्थ ठरेल. जातिवंत आणि इमानी हे शब्द निवेदन लिहिणाऱ्यांनीं गाळले तर त्यांचें कांहीं बिघडणार नाहीं. परंतु दहाबारा ओळींच्या शेवटीं 'दत्तक घ्याल का' असें विचारण्याऐवजीं त्यांनीं 'पाळाल का' असें विचारून पाहावें. येणाऱ्या हांकांची संख्या कदाचित् घटेल. जे येतील त्यांच्याकडून कुत्रें परत येण्याचा संभवही, मला वाटतें, तितकाच घटेल.